माझ्या नावावरची एकशे चार पुस्तकं

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर होतो, तोंडात सुतळी, एका हातात झालर, आणि खालून कुणीतरी म्हणालं, "खबाले, अभिनंदन!"

खाली लोकमित्र वाचनालयाच्या कुंभोजकर मॅडम उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात पत्र. लग्नाच्या मांडवात इतक्या सकाळी या कशाला आल्या, म्हणून मी सुतळी काढली आणि विचारलं, "कुणाचं ठरलं, मॅडम?"

"ठरलं तुमचंच. या वर्षीचे उत्कृष्ट वाचक! वर्षात एकशे चार पुस्तकं. पुढच्या रविवारी सत्कार आहे."

शिडी हलली. म्हणजे हललो मी, शिडी बिचारी जागेवरच होती.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा. सोनवड्यात बारसं असो नाहीतर सभा, भोंगा रंगनाथ खबालेचाच. आणि वाचन म्हणाल तर लग्नपत्रिका. तीसुद्धा तारीख, वेळ, स्थळ एवढीच. आजवर एकाही पत्रिकेतली आजोबांची नावं मी वाचलेली नाहीत.

दुसरा धंदा टिंगलीचा. त्या वाचनालयाचं कार्डसुद्धा मी त्यापायीच काढलं होतं. सभासद असल्याशिवाय आतल्या खोलीत जाता येत नव्हतं, आणि मला तिथल्या कपाटामागं एक छोटा स्पीकर ठेवायचा होता. दुपारी पेन्शनर मंडळी पेपर धरून बसली की कपाट खोकायचं आणि म्हणायचं, "उलटा पान, पुढचा थांबलाय." देशमाने गुरुजींनी खरंच उलटलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी वायर शोधून काढली आणि मला महिनाभर पायरी चढू दिली नाही. त्यानंतर मी ते कार्ड कुठं टाकलं, मलाच माहीत नव्हतं.

पण माझा सगळ्यात गाजलेला आयटम वेगळाच होता. 'मामीचा पेपर.' मामी म्हणजे माझी सख्खी मामी आणि सासूपण. आमच्यात मामाची पोरगी करतात, तशी मी केली. मामी चौथी शिकलेली. वाचताना ओळीखालून बोट फिरवायची आणि अक्षर न् अक्षर पुटपुटायची. आमच्या वास्तुशांतीला माईक टेस्टिंग करता करता मी भोंग्यावरून तिची नक्कल केली. "सां... ग... ली. सांग्ली. बा... जा... रात. बे... दा... णा. बेदाणा!" अख्खी गल्ली हसून लोळली. मामीपण तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून कुठल्याही लग्नात जेवणं झाली की कुणीतरी ओरडायचंच, "रंगा, मामीचा पेपर होऊ दे!"

हा सत्काराचा प्रकार झाला त्या वर्षी मामी आमच्याकडंच होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मामा आधीच गेलेले, पोरगा पुण्यात दोन खोल्यांत. जावयाच्या घरी राहायचं नाही म्हणून तिनं आठ दिवस घोळ घातला, शेवटी शकूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आईला रिक्षात घालून आणलीच. मागच्या खोलीत, जिथं माझ्या कनाती आणि पडदे रचलेले असतात, तिथं तिची कॉट टाकली. मी कामावरून आलो की म्हणायची, "आला का भोंगा?" आणि मिश्रीची डबी घाईघाईनं पदराखाली सारायची. जशी काय तिची मिश्री मला माहीतच नव्हती.

असो. त्या दिवशी दुपारी मी वाचनालयात गेलो. कुणी नाही बघून हळूच म्हणालो, "मॅडम, मी कुणाला सांगणार नाही."

"काय सांगणार नाही?"

"हेच. रजिस्टर भरायचं तर भरा, आपली हरकत नाही. पण माझं नाव? एखादा मास्तर बघायचा. गावात शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खबाले, बावीस वर्षांत मी एकसुद्धा खोटी नोंद केलेली नाही." आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. सभासद क्रमांक दोनशे बारा. दर गुरुवारी दोन पुस्तकं. जानेवारी ते डिसेंबर, एक गुरुवार चुकलेला नाही.

"तुमच्या मिसेस नेतात बाजाराच्या दिवशी. 'ह्यांना यायला वेळ नसतो, पण वाचल्याशिवाय चैन पडत नाही,' म्हणतात. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, कपाटामागं स्पीकर ठेवणारा माणूस शेवटी कपाटात शिरला. फक्त एक करा. हात धुऊन वाचत जा. सगळ्या पानांना तपकिरी बोटं लागलेली असतात."

मला काही सुधरेना. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि त्या डागांनीच आपल्याला वाचवलं, बरं का."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्याशा वाचनालयात खोट्या नोंदी सापडल्या होत्या. पुस्तकं नुसती कागदावर फिरायची, वाचत कुणी नव्हतं. म्हणून आमच्याकडं तपासणीला आलेल्या जमदाडे साहेबांनी रजिस्टर बाजूला सारलं आणि सरळ पुस्तकंच उघडली. कुठं पानं चिकटलेली, कुठं धूळ. मॅडमना घाम फुटला. मग साहेबांच्या हाताला डागवालं पुस्तक लागलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डाग. दुसरं काढलं, तेच. साहेब म्हणाले, "हा खरा वाचक दिसतो. याचा सत्कार ठेवा, मी येतो. पण सगळ्यांसमोर मी याला चार प्रश्न विचारणार."

"उत्तरं दिली तर?" मी विचारलं.

"तर आपला 'ब' वर्ग राहील."

"आणि नाही दिली तर?"

"'ड'. मग अनुदान इतकं कमी की मला घरी बसावं लागेल. आणि वाचनालय? ज्याच्याकडं किल्ली असेल त्याला सवड झाली की उघडेल." मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "पण तुम्ही आहात. मला काळजी नाही."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

घरी गेलो आणि शकूला चुलीपाशीच गाठलं. "एकशे चार पुस्तकं कुणी आणली?"

तिचा लाटणं धरलेला हात थांबला. "मी."

"वाचली कुणी?"

"कुणी न्हाई." ती पोळीकडंच बघत होती. "मॅडमला आकडा पायजे हुता. बचत गटात आमची वळख. न्यायची आन गुरवारी परत द्यायची. पिशवीत मेथीखाली असायची."

"आणि ते डाग?"

"मसाल्याचं आसतील. पिशवी तीच की."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वीस वर्षं ज्या बाईला मी साधी समजत होतो, तिनं वर्षभर सरकारी रजिस्टर हलवलं होतं. "शकू," मी म्हणालो, "तू माझ्यावर ताण केलीस."

"व्हय?" ती म्हणाली आणि मागच्या खोलीकडं एकदा बघितलं. "मग सत्कार घेणार न्हवं?"

घेणारच होतो. न घेऊन सांगतो कुणाला? मॅडमची नोकरी, वाचनालय, सगळं माझ्या डोक्यावर येऊन बसलं होतं. आणि भाषणाचं मला काय कौतुक? तीस वर्षं लोकांची भाषणं माझ्याच माईकमधून गेली होती. पुस्तकाचं महत्त्व सांगणारीच दोनशे तरी. चार इथली, चार तिथली वाक्यं जोडली की झालं. राहिले प्रश्न. त्याची सोय मी माझ्या पद्धतीनं केली. कार्यक्रमाचा स्पीकर माझाच. टेबलाखाली पायाशी एक बटण बसवलं. अवघड प्रश्न आला की बटण दाबायचं, माईक बंद. मग मीच उठायचं, वायरी हलवायच्या, घाम पुसायचा, तोवर साहेबांची गाडी निघायची वेळ होते. पुस्तक मात्र एकही उघडून बघितलं नाही. वेळच कुठं होता, लग्नसराई चालू.

रविवारी सकाळी मामी वॉकर धरून दारात उभी. नवं पातळ नेसलेली.

"मला बी न्या."

"मामी, दोन तास खुर्चीवर बसवंल का तुला?"

"जावयाचा सत्कार हाय. खुब्याचं काय, त्यो बी बसंल गपगुमान."

नेली. पहिल्या रांगेत बसवली, शेजारी शकू. वाचनालयाचा हॉल भरला होता. निम्मे लोक माझी फजिती बघायला आले होते, हे मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं. देशमाने गुरुजी तर पेपर न घेता आले होते.

शाल झाली, नारळ झाला. मी उभा राहिलो. "वर्षभराच्या वाचनाकडं मागं वळून बघताना," अशी सुरुवात केली आणि दोन मिनिटं अशी काही वाक्यं फेकली की मॅडमनी डोळे पुसले. मी खाली बघितलं. मामी माझ्याकडं एकटक बघत होती, शाळेतल्या बाई बघतात तशी.

मग जमदाडे साहेब उठले. बारीक माणूस, आवाज शांत. असली माणसं वाईट. त्यांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. "हे तुम्ही नोव्हेंबरमध्ये नेलं होतं. बैलबाजाराची कादंबरी. छप्पन्नावं पान काढा आणि थोडं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

मी पान काढलं.

ओळींच्या खालून एक फिकट तपकिरी रेघ गेली होती. मसाला सांडला तर ठिपका पडतो. ही रेघ होती. सरळ, ओळ संपली की खालच्या ओळीला. वरपासून खालपर्यंत, एक ओळ न सोडता. मी पुस्तक जरा जवळ धरलं. वास आला, जळक्या तंबाखूचा.

आमच्या घरात मिश्री एकच माणूस लावतं.

मी समोर बघितलं. मामीनं पदर तोंडाला लावला होता. वास्तुशांतीच्या दिवशी लावला होता, तसाच.

"वाचा," साहेब म्हणाले.

वाचायला लागलो. शाळा सुटल्यापासून चार लोकांत मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. त्यात अक्षर बारीक. माझं बोट आपोआप ओळीखाली गेलं, नेमकं त्या रेघेवर. "गुं... डा... प्पानं... बै... लाच्या... गळ्या... तली... घंटा..."

मागून कुणीतरी ओरडलं, "मामीचा पेपर!" आणि हॉल फुटला. देशमाने गुरुजी मांडी बडवायला लागले. लोकांना वाटलं, रंगा सत्कारात पण आयटम करतोय.

मी आयटम करत नव्हतो. मला तसंच येत होतं.

घाम फुटला, पण वाचत राहिलो. म्हाताऱ्यानं बैलाच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. बैलाची पापणी हलली नाही. म्हातारा काही बोलला नाही. त्यानं दावं हातात घेतलं. एवढं वाचायला मला तीन-चार मिनिटं लागली असतील. हसणं हळूहळू कमी होत गेलं. शेवटी नुसता माझाच आवाज राहिला, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

"बास," साहेब म्हणाले. "आता पुस्तक मिटा. बैल आंधळा आहे. म्हाताऱ्याला ते कळलंय. तरी तो घेतोय. का?"

मॅडम खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. एकशे चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता विचारण्यासारखं होतं, आणि मला पत्ता माहीत नव्हता. मी पाय पुढं केला आणि बटण दाबलं.

माईक मेला. मी त्यावर दोन टिचक्या मारल्या. "लाईट गेली वाटतं," मी म्हणालो. साहेबांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

कुणी हसलं नाही. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, माईक नाही, भोंगा नाही, साधा घरात बोलतात तसा आवाज आला.

"त्याच्या घरी बी एक आंधळाच हाय म्हणून."

साहेब वळले. "कोण बोललं?"

मामीनं मान खाली घातली. शकू तिचा हात धरून बसली होती. मला वाटलं, आता ही गप्प बसणार, आणि मीच तिला गप्प बसवलंय. का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं, पण वाटलं खरं.

"आजी," साहेब म्हणाले, "मग पुढं?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? शाल पांघरून, नारळ घेऊन उभा होतो. मी हात जोडले.

"पुढं काय," मामी म्हणाली. "डोळस बैल आंधळ्याला वढतोय. रोज मानंला जखम. म्हाताऱ्याला जोड पायजे हुती. दोन्ही आंधळं आसलं की मालकाचं ऐकून चालत्यात. गुंडाप्पाला वाटतं आपुन फशिवलं. वरीसभरानं तीच जोडी जत्रंत पयली येती, तवा गुंडाप्पा घंटा परत द्याला जातोय. म्हातारा म्हणतो, ठेव तुझ्याकडं, माझ्या बैलांस्नी माझा आवाज पुरं हाय." ती थांबली. "तिथनं पुढं दोनशे पानं उगंच वाढीवल्यात."

साहेब स्टेजवरून खाली उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "आजी, मिश्री लावता?"

"लावते. सोडायची न्हाई."

हॉल हसला. साहेबपण हसले, मग म्हणाले, "कार्ड जावयाच्या नावावर. वाचणार तुम्ही." मॅडमचा चेहरा पांढरा पडला. साहेब मॅडमकडं वळले. "एका कार्डावर घरातलं कुणी वाचलं तर चालतं ना तुमच्याकडं?"

"चालतं," मॅडम म्हणाल्या.

"मग झालं. नोंद खरी आहे." आणि पुन्हा मामीकडं, खिशातलं पेन काढत, "आजी, वर्षभर एवढं वाचून काय मिळालं, ते सांगा."

"मिळायचं काय?" मामीला प्रश्नच कळला नाही. "गंमत आली."

साहेब पेन धरून उभे.

"खुबा दुखायचा त्यो इसरायचा," मामीनं त्यांच्यावर दया करून आणखी थोडं दिलं. "आन धा-बारा पुस्तकं अगदीच टाकावू हुती. ती बी वाचली. मधीच सोडवत न्हाई मला."

'ब' वर्ग राहिला. प्रमाणपत्र आधीच छापलेलं होतं, त्यामुळं ते माझ्याच नावाचं मिळालं.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. मामी कॉटवर टेकली होती. माझ्या लाल कनातीच्या घड्या जरा फुगलेल्या दिसल्या. हात घातला तर त्या गुरुवारची दोन पुस्तकं.

"वर्षभर इथं?" मी म्हणालो.

"तू कनातीला हात कवा लावतोस? कामाला माणसं हायती तुझी. ती येणार म्हटलं की शकू आधी काढून ठेवायची."

"अगं पण लपवायचं कशापायी? मी काय नको म्हणालो असतो?"

मामी डबी शोधायला लागली. डबी समोरच होती. "चौदा वर्सं झाली रंगा. तू मला भोंग्यावर वाचलंस. त्या दिवसापासनं मी कुणाफुडं पेपर सुदीक उगडला न्हाई."

"तू हसली होतीस की तवा."

"मग काय रडू व्हय, घरभरणीला?"

मी कनातीची घडी घालत बसलो. घातलेलीच होती, पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

"तुज्या नावावर वाचलं म्हंजे कोण हसणार न्हाई, असं वाटलं," मामी म्हणाली. मग डबी उघडली, बोट बुडवलं आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला कळलं, आमच्या घराण्यातली टिंगल कुठल्या बाजूनं आली. "पर तुला स्टेजवर घाम फुटलेला बगून चौदा वर्सं फिटली बग."

त्यानंतर 'मामीचा पेपर' बंद. लग्नात लोक अजून ओरडतात. मी सांगतो, आवाज बसलाय.

मी तिला नवं कार्ड काढून देतो म्हणालो, तर नको म्हणाली. "तुजंच बरं हाय. लोक म्हणत्यात रंगा वाचतोय. तेवढीच तुजी इज्जत." पुढची तीन वर्षं, दोन महिने ती दोनशे बारा नंबरावरच वाचत राहिली. फक्त आता मेथीखालून नाही. गुरुवारी पुस्तकं मीच आणायचो, आणि ती ओसरीत बसून मोठ्यानं पुटपुटायची. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या ऐकायला यायच्या.

मामी गेली तो मंगळवार होता. दिवसकार्य झाल्यावर मी राहिलेलं पुस्तक परत द्यायला गेलो. मॅडमनी सवयीनं पानं चाळली, मग पुस्तक माझ्याकडं सरकवलं. रेघ एकशे बाराव्या पानाच्या मध्यापर्यंत आली होती आणि तिथं थांबली होती.

"जमा करून घेऊ?" मॅडमनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे माझ्याच नावावर."

मधेच सोडवत नव्हतं तिला. म्हणून ओसरीत तिच्या जागेवर बसलो आणि एकशे बाराव्या पानाच्या मध्यापासून, बोट लावून, सुरुवात केली. शकू चहा घेऊन आली. "अवो, पयल्या पानापासनं वाचा की. काय कळंल असं?"

"कशाला?" मी म्हणालो. "आधीचं मामीनं वाचलंय."